एमडींबरोबर दुसरी मुलाखत आहे, आता आणखी काय विचारणार?

तुम्ही लिहिलंय की मूळ गाव मिरज, सात वर्षं पुण्यात क्वालिटीत काढली, कुपवाड एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत (लोखंड ओतून कास्टिंग करणाऱ्या कारखान्यात) पहिली मुलाखत झाली आणि गुरुवारी थेट एमडींनी बोलावलंय. तांत्रिक सगळं विचारून झालं, मग आता राहिलं काय, असं तुम्हाला वाटतंय.

राहिलंय ते पैशाचं.

मी याच पट्ट्यात वीसेक वर्षं कास्टिंगच्या धंद्यात आहे. हल्ली टेबलाच्या पलीकडं बसतो, पण 2011 साली अलीकडं होतो आणि अशाच दुसऱ्या मुलाखतीत सपशेल आपटलो. रेझ्युमेत एक ओळ मोठ्या झोकात लिहिली होती : रिजेक्शन, म्हणजे नापास होणारा माल, 8 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आणलं. पहिल्या मुलाखतीत प्लँट हेड त्या ओळीवर खूश झाले होते. मालकांनी चष्मा कपाळावर सरकवला, ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारली आणि विचारलं, "म्हणजे महिन्याला किती वाचले?"

"तीन टक्के, सर."

"ते वाचलं मी. रुपये किती?"

मला सांगता येईना. कुठल्या दोषावर काय उपाय केला, त्याचा तक्ता काढून दाखवायला लागलो. त्यांनी चहा मागवला. चहा संपला, मुलाखतही संपली.

घरी येऊन रात्री वहीत हिशेब मांडला, तो अजून पाठ आहे. महिन्याला 200 टन माल, त्याचे तीन टक्के म्हणजे 6 टन. रिजेक्ट कास्टिंग परत भट्टीत जातं, त्यामुळं लोखंड फारसं बुडत नाही. बुडतं ते त्याच्यावर झालेलं काम : वीज, साच्याची वाळू, ती बांधून ठेवणारा बाइंडर, आतली पोकळी राखणारा कोअर, फेटलिंगची म्हणजे कास्टिंग साफ करायची मजुरी. इंडक्शन भट्टीला टनामागं साधारण 600 युनिट लागतात, म्हणजे 6 टनांना 3,600. युनिटला 8 रुपये धरले तरी नुसत्या विजेचेच 28,800. बाकीचं धरलं की आकडा लाखाच्या पुढं जात होता. आणि ब्लोहोल, म्हणजे वायूमुळं कास्टिंगच्या आत राहिलेलं भोक, मशिनिंग झाल्यावर सापडला तर मशीनचे तास गेले; ग्राहकाकडं जाऊन सापडला तर डेबिट नोट, म्हणजे बिलातून पैसे कापल्याचा कागद, ठरलेली. हे तुम्हाला मी काय सांगायचं, तुम्ही क्वालिटीतल्याच. पण दोषाचं नाव आणि रुपये एका वाक्यात बोलायची सवय आपल्या लोकांना नसते, एवढंच.

तर गुरुवारच्या आत तुमची तीन कामं घ्या आणि प्रत्येकाचा असा हिशेब वहीत करा. अंदाजानं आला तरी चालेल, फक्त अंदाज कशावरून केला ते सांगता आलं पाहिजे. एक सांभाळा : आत्ताच्या कंपनीचे दर, ग्राहकांची नावं सांगू नका. ऐकताना मालक मान डोलावतील, पण मनात म्हणतील, उद्या ही माझंही असंच बाहेर सांगणार.

कंपनीचा अभ्यास वेबसाइटवरून करू नका. सगळ्यांचं व्हिजन-मिशन एकाच साच्यातून काढलेलं असतं. त्यापेक्षा क्रिसिल, इक्रा, केअर या कंपन्यांची पत ठरवून रेटिंग देणाऱ्या संस्थांच्या साइटवर कंपनीचं नाव टाकून बघा. बँकेचं कर्ज मोठं असलं की रेटिंग घेतलेलं असण्याची शक्यता असते, आणि रेटिंग का दिलं याचं दोन-चार पानी टिपण तिथं फुकट वाचायला मिळतं. उलाढाल किती, धंदा किती ग्राहकांवर टेकलाय, उधारी कुठं अडकते, कर्ज कशाला काढलं, असं बरंच त्यात सापडतं. तिथं नाही मिळालं आणि कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल, तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर 100 रुपये भरून ताळेबंद बघता येतो. भागीदारी फर्म असेल तर त्या पोर्टलवर ताळेबंद मिळणार नाही. मग तिथं माल पोचवणाऱ्या एखाद्या व्हेंडरला गाठा. तो ताळेबंदापेक्षा जास्त सांगेल.

मी ऐकलेलं सगळ्यात चांगलं उत्तर डिस्पॅचच्या जागेसाठी आलेल्या एका पोराचं होतं. ऑगस्ट 2019 च्या महापुरात काय केलंस, असं विचारलं. कृष्णा गावात शिरलेली, कोल्हापूरजवळ हायवे बंद. त्यानं रडगाणं गायलं नाही. म्हणाला, "आधी ग्राहकाला फोन करून विचारलं, तुमची असेंब्ली लाइन कुठल्या पार्टवाचून आधी थांबेल? तेवढाच माल विट्यावरून वळसा घालून पाठवला. भाडं जास्त गेलं, पण लाइन थांबल्याच्या दंडापुढं ते काहीच नव्हतं." भाडं किती आणि दंड किती, दोन्ही त्याला तोंडपाठ. त्याला आम्ही त्याच दिवशी घेतला.

तुम्हाला नक्की विचारतील तो प्रश्न म्हणजे, "पुणं सोडून इकडं का?" यामागं भीती एकच असते, की बाई वर्षभर राहणार आणि परत जाणार. आईवडील मिरजेत आहेत हे खरं असेल तर सांगा, लपवू नका. पण तेवढ्यावर थांबू नका. पुण्यात एकच पार्ट बघत होते, इथं भट्टीपासून मशिनिंगपर्यंत सगळं हाताखालून जाईल, असं काहीतरी कामाचंही कारण द्या. लग्नाबिग्नाचं विचारतील. विचारू नये, पण आपल्याकडं विचारतात. "कामाच्या वेळा मला माहीत आहेत, सर" म्हणून पुढच्या विषयावर जा.

पगाराचा विषय आपण काढायचा नाही. त्यांनीच काढला तर सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) आणि हातात येणारे पैसे यांची गल्लत करू नका. पीएफचा कंपनीचा वाटा आणि ग्रॅच्युइटी बहुतेक वेळा सीटीसीतच धरलेली असते.

आणि हो, पहिली मुलाखत घेणाऱ्या प्लँट हेडना आधी एक फोन करा. तुमचं नाव त्यांनीच वर पाठवलंय, तुम्ही पडलात तर त्यांचाही शब्द पडतो. "सर, साहेब कशावर जास्त विचारतील?" असं सरळ विचारा. माझ्या अनुभवात दहातले आठ जण सांगतात. मी तर स्वतः सांगतो, पण फोन करणारी पोरं फार थोडी.