दर मुलामागे किती रॉड?

प्रिय मुली,

बदलापूरच्या कौशल्य केंद्राचा तुझा मसुदा दोनदा वाचला. तीन मजले, सभागृह, दर्शनी भागाचं रंगीत चित्र. आणि 'कच्चा माल' या शीर्षाखाली एकच शब्द: 'आवश्यकतेनुसार'. अगं, केंद्रं याच शब्दावर बंद पडतात. इमारत भांडवली खर्चात बसते, तिची फीत कापली जाते. वेल्डिंगचे रॉड आणि सरावाच्या लोखंडी पट्ट्या महसुली, म्हणजे रोजच्या चालू खर्चातल्या. त्यांची फीत कोण कापणार?

ट्रेड, म्हणजे शिकवायचे व्यवसाय, कोणते घेऊ, विचारतेस. आधी हिशेब कर. वेल्डरची तुकडी 20 जणांची. 3.15 मिमीचा रॉड जेमतेम सव्वा मिनिट जळतो. रोज 20 रॉड दिलेस तर मुलाच्या हाताला मिळतात 25 मिनिटं. तुकडीला झाले 400 रॉड. वर 6 मिमीच्या पट्ट्या, ग्राइंडरची चाकं, हातमोजे. हे न लिहिता 'अत्याधुनिक कार्यशाळा' लिहिलंस, की निदेशक, म्हणजे शिकवणारा, एकदा करून दाखवणार आणि बाकीचे शील्डच्या काचेतून बघणार. बघून हात बसत नाही. म्हणून मुलामागे किती, ते लिही.

मग वीज. 3.15च्या रॉडला साधारण 110 ॲम्पिअर लागतात. ट्रान्सफॉर्मरवाली दहा मशीनं एकदम चालली तर विजेची मागणी 100 केव्हीएच्या (वीजभार मोजायचं एकक) घरात जाते. वीज कंपनीनं मंजूर केलेला भार दिव्या-पंख्यांपुरता असला की मशीनं खोक्यातच गंजतात. वाढीव भाराचा अर्ज पाया खणायच्या आधी करायचा. इन्व्हर्टर मशीननं भार बराच उतरतो, पण धूळ आणि ओल लागली की त्याचं इलेक्ट्रॉनिक कार्ड जातं. दुरुस्तीची तरतूद तिथेच कर. जड मशीनं तळमजल्यावरच बसतात, तेव्हा जागा ठरवण्याआधी उल्हास नदीची पूररेषा बघ. 27 जुलै 2019ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान पाण्यात उभी होती, हे बदलापूरकराला मी काय सांगू?

निदेशक तासिका तत्त्वावर, म्हणजे तासांप्रमाणे मानधनावर घेऊ, असं लिहिलंयस. स्वस्त पडतं, कबूल. पण नेमणुकीचा कागद दरवर्षी नव्यानं फिरतो आणि तोवर तुकडी रिकामी बसते. तेही मुलामागचेच तास गेले.

आता ट्रेड. अंबरनाथला शासकीय आयटीआय आहे. तिथे कोणत्या ट्रेडचा प्रवेश दहावीच्या किती टक्क्यांवर बंद होतो ते बघ. तिथे जागा रिकाम्या राहत असतील तर तेच इथे पुन्हा मांडू नकोस. बदलापुरात टॉवर उठतायत, म्हणजे लिफ्ट, पंप, एसटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्रकल्प), सोसायटीचं वायरिंग. आधीच काम करणाऱ्या प्लंबरसाठी संध्याकाळची तुकडी ठेव. त्याला दिवसाचा रोज बुडवता येत नाही. आणि ज्या आस्थापनेत 30 किंवा जास्त कामगार आहेत, तिला 2.5 ते 15 टक्के शिकाऊ उमेदवार घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीतल्या अशा कारखान्यांची यादी मसुद्याला जोड. मशीनवरचे तास तिथेही मिळतात, तेही नगरपालिकेचा रुपया न लागता.

रॉडचा हिशेब धरून बसतो म्हणून मला हट्टी म्हणतात. म्हणोत. आमच्या पिढीनं मजले मोजले, ते चुकलंच.

सुधारून पाठवशील तेव्हा पहिलं पान कच्च्या मालाचं असू दे, दर मुलामागच्या आकड्यासकट. चित्र शेवटी लाव. नसलं तरी चालेल.