प्री-डायबेटिस असताना हिरड्यांचे उपचार लगेच करावेत की साखर उतरेपर्यंत थांबावे?

तुमचे एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ६.१ टक्के, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे (प्री-डायबेटिस) आहे, ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येते आणि घरचे म्हणतात की आधी साखर उतरू दे, मग दातांचे पाहू, असे तुम्ही लिहिले आहे. थांबू नका. हेच वाक्य आमचे थोरले दीर ज्या ठामपणे उच्चारत असत, तो आठवला की मला गप्प बसवत नाही.

माझे यजमान नाशिकमधल्या सातपूरच्या एका कारखान्यात नोकरीला होते. तिथल्या वार्षिक तपासणीत त्यांची उपाशीपोटीची साखर ११२ आणि एचबीए१सी ६.२ निघाले. हिरड्या त्याआधीपासूनच सुजलेल्या होत्या. पेरू चावला की फोडीवर रक्त उमटत असे. दिरांचे म्हणणे असे की साखरवाल्याची जखम भरत नाही आणि दात साफ करून घेतले की ते ढिले होतात. घरात त्यांच्या शब्दाबाहेर कोणी जात नसे, तरी मी यजमानांना पंचवटीतल्या दंत महाविद्यालयात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टर बारीक खुणा असलेली सळई दात आणि हिरडी यांच्या फटीत सरकवून आकडे सांगत होत्या व शेजारची विद्यार्थिनी ते तक्त्यात लिहून घेत होती. पुढच्या दातांना तीन, दोन, तीन असे चालले होते, ते मागच्या दाढांपाशी पाच, सहा, सहा झाले. निरोगी हिरडीत ही खोली ३ मिलिमीटरपर्यंत असते. त्याहून खोल फटीत ब्रश पोहोचत नाही, म्हणून भूल देऊन मुळांवरचे किटण खरवडून काढावे लागते.

ते काढल्यावर सूज उतरली आणि खालच्या दातांमध्ये फटी दिसू लागल्या, गार पाणीही झोंबू लागले. दिरांना तेवढे पुरेसे होते. वास्तविक दातांचा आधार असलेले हाड आधीच झिजलेले असते आणि किटण व सूज यांनी ती फट बुजवलेली असते. दात हलतो तो हाड गेल्यामुळे, सफाईमुळे नव्हे. गेलेले हाड सहसा परत येत नाही, आणि साखर उतरण्याची वाट पाहण्यात आणखी जाते, हे मी त्यांना त्या वेळीही सांगितले होते. यजमानांच्या जखमेचे म्हणाल, तर ती व्यवस्थित भरली, रक्त येणे थांबले आणि तीन महिन्यांनी मोजले तेव्हा सहाच्या जागी चार आले.

दीर स्वतः तंबाखूची मिश्री लावतात आणि ‘माझ्या हिरड्यांतून थेंबभर रक्त येत नाही’ असे सांगतात. तंबाखूमुळे हिरड्यांचा रक्तपुरवठा घटतो, त्यामुळे आत रोग वाढत असूनही रक्त कमी दिसते. हा निरोगीपणाचा पुरावा नाही.

हिरड्या बऱ्या झाल्या की साखर उतरते का, हेही तुम्ही विचारले आहे. हिरड्यांतला दाह इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतो, त्यामुळे तशी शक्यता आहे. टाइप २ मधुमेहींवरील अनेक चाचण्या एकत्र पाहता एचबीए१सी तीन-चार महिन्यांत सरासरी ०.४ टक्क्याच्या (म्हणजे ६.२ चे ५.८ व्हावे तितके) आसपास उतरलेले दिसते, मात्र २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत काहीच फरक आढळला नव्हता. प्री-डायबेटिससाठी पुरावा याहून तोकडा आहे. यजमानांची साखर पुढे उतरली, पण ते त्याच काळात गोल्फ क्लब मैदानावर रोज चालू लागले होते, त्यामुळे श्रेय हिरड्यांना देता येत नाही. चालणे आणि आहार तुम्हालाही सोडून चालणार नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती दंतवैद्यांना आधी सांगा, आणि क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशक औषधाच्या गुळण्या त्यांनी सांगितल्यापेक्षा जास्त दिवस करू नका, दातांवर तपकिरी डाग पडतात.

घरात कोणी मिश्री लावणारे ज्येष्ठ असतील तर त्यांनाही सोबत नेऊन हिरड्यांची खोली मोजून घ्या. आमच्या दिरांची मोजायची अजून राहिली आहे आणि मी तो विषय सोडलेला नाही.