ख्मेर, म्हणजे कंबोडियाच्या भाषेतला, मजकूर हाताळायला घेतोयस? आधी हे वाच

फॉन्ट शोधण्याआधी एकच शब्द नीट उलगडून बघ: 'ख्मेर'. देवनागरीत तो ख, हलन्त, म, एकाराची मात्रा, र असा पाच कोडांत (संगणकात प्रत्येक चिन्हाला दिलेल्या क्रमांकांत) साठतो. कंबोडियाच्या लिपीतही पाचच, आणि क्रमही तोच! हलन्ताच्या जागी तिथे 'कोएंग' हे चिन्ह येतं. ते स्वतः दिसत नाही, पुढच्या व्यंजनाला पायाखाली बसवतं. स्वरचिन्ह दिसतं ख च्या डावीकडे, पण साठतं म च्या नंतर, आपल्या ऱ्हस्व वेलांटीसारखं. म्हणून डोळ्यांना दिसतं त्या क्रमाने कधीही टाइप करू नकोस.

खरा घोळ पुढे आहे. 'ओ' चं स्वरचिन्ह दिसायला 'ए' आणि 'आ' यांच्या चिन्हांची जोडीच. ते दोन तुकड्यांत टाइप केलं तरी पडद्यावर बहुधा तसंच दिसतं, पण शोधताना शब्द सापडत नाही. त्याला स्वतःचा एकच कोड आहे, तोच वापर. पायाखालचे 'त' आणि 'ड' तर हुबेहूब सारखे दिसतात. तिथे शब्दकोशच उघडायचा, अंदाज नको.

आणि हो, ख्मेरमध्ये शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. ओळ नीट तुटावी म्हणून शून्य रुंदीची, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी, जागा घालतात. मजकूर साफ करताना ती सरसकट उडवू नकोस.