नव्या समुपदेशक ताईला : उद्याचं बोलणं कुठून सुरू करायचं

अगं, पहिल्याच भेटीत ‘सगळं ठीक होईल’ म्हणू नकोस. एचआयव्ही पॉझिटिव्ह निघालेल्या समोरच्या माणसाच्या डोक्यात मरण घोळत असतं, ते आधी ऐकून घे. मग साधं विचार : गणपतीला गावी जाणार का? मुलीची दहावी कधी? आपल्याकडे लालबाग-परळचे चाकरमानी येतात, त्यांचा अर्धा जीव कोकणातच असतो. असा एखादा पुढचा दिवस सापडला की रोजची गोळी त्याच्याशी जोड.

माहिती मात्र पक्की दे. सरकारी एआरटी (एचआयव्हीवरच्या औषधोपचाराच्या) केंद्रांतून २००४ पासून औषध मोफत मिळतं, बहुतेकांना आता दिवसाला एकच गोळी. ती नियमित घेऊन व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणूचा आकडा, तपासणीत सापडणार नाही इतका खाली राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे सावकाश सांग, दोनदा सांग. लग्नाची आशा सोडलेली माणसं इथेच मान वर करतात. आईचे उपचार वेळेत सुरू झाले तर बाळही निगेटिव्ह जन्मू शकतं.

नोकरीची धास्ती असेल तर २०१७ चा भेदभावविरोधी कायदा समजावून सांग. आणि गोळी चुकली म्हणून कुणावर रागावू नकोस, पुढच्या वेळी तो खरं सांगणार नाही.