आधी बाळाचं नाव विचार

पत्र थोडक्यात असं: "ताई, माझ्या लहान बहिणीला दीड महिन्यापूर्वी मुलगी झाली. बाळाला डाऊन सिंड्रोम आहे. बहीण फक्त २७ वर्षांची आहे, हे तर उशिरा मूल झालं की होतं ना? सासरचे म्हणतात शेवटपर्यंत ऑफिसला गेली म्हणून झालं. मी तिला फोनवर म्हटलं की देव अशी मुलं खास आईबापांनाच देतो, तर तिने फोनच ठेवला, तेव्हापासून उचलत नाही. तिचा मोठा मुलगा ४ वर्षांचा आहे. मी काय बोलू म्हणजे तिला बरं वाटेल? – एक मोठी बहीण"

अगं, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. सासरचे काय म्हणाले ते आहे, तू काय म्हणालीस ते आहे, भाच्याचं वय पण आहे, पण दीड महिन्याच्या त्या मुलीचं नाव कुठेच नाही. तुला दोष देत नाहीये, माझ्या जवळच्या मैत्रिणीला असंच बाळ झालं तेव्हा मी पण हेच केलं होतं, जाऊन तिचा हात धरून बसले, डोळे पुसले, आणि पाळण्यात बघितलंच नाही. चार महिन्यांनी ती मला म्हणाली, "सगळे सांत्वनाला आले गं, अभिनंदन एकानेही केलं नाही." ते वाक्य अजून माझ्या मनातून जात नाही.

तुझ्या त्या "खास आईबाप" मध्ये काय खुपलं असेल सांगू? तिला त्यातून ऐकू आलं की आता तुला रडायला पण परवानगी नाही, तू खास आहेस, निभावून ने. तू प्रेमानेच बोललीस, पण ती रात्र रात्र जागी आहे गं, तिला खास व्हायचं नाहीये, तिला झोपायचंय.

आता ऑफिसचं. हे मात्र तू सासरच्यांना स्पष्ट सांग, बहिणीला सांगायला लावू नकोस. आपल्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात, या बाळांमध्ये २१ नंबरचं एक जास्तीचं असतं, १९५९ पासून हे माहीत आहे, आणि बहुतेक वेळा ही गडबड गर्भ राहायच्या आधीच, स्त्रीबीज तयार होतानाच झालेली असते. म्हणजे दिवस गेल्याचं पहिल्यांदा कळलं त्या दिवसाच्याही आधी. ऑफिस, प्रवास, खाणंपिणं, कशाचाही संबंध नाही. वय वाढलं की शक्यता वाढते हे खरंय, पण मुलं जास्त तरुण आयांनाच होतात, त्यामुळे डाऊन सिंड्रोम असलेली कितीतरी बाळं तिच्याच वयाच्या आयांची असतात. फक्त गुणसूत्रांच्या रिपोर्टवर ट्रान्सलोकेशन (म्हणजे जास्तीचं २१ नंबरचं गुणसूत्र दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेलं) असा शब्द आहे का ते बघा, शंभरात तीन-चार जणांमध्ये असतो, आणि असेल तर पुढच्या बाळाचा विचार करायच्या आधी दोघांनी जेनेटिक कौन्सेलिंग, म्हणजे आनुवंशिकतेच्या तज्ज्ञाचा सल्ला, घ्यायला हवं.

बरं, तू विचारलंयस काय बोलू. माझं मत, बोलणं कमी कर आणि जा. बाळाला मागून घे. या बाळांचे स्नायू सैल असतात, हातात घेतलं की बाळ धुतलेल्या मऊ कापडासारखं अंगावर पसरतं, म्हणून एक तळहात मानेखाली आणि दुसरा ढुंगणाखाली नीट ठेव, घाबरू नकोस, पाच मिनिटांत अंदाज येतो. दूध पिताना पण हेच, चार घोट ओढतं, दमतं, झोपतं, मग तळपायाला हात लावून उठवायचं, परत दोन घोट, असा एकेका फीडला पाऊण तास जातो आणि ढेकर काढेपर्यंत पुढच्या फीडची वेळ होते. तुझी बहीण फोन का उचलत नाही याचं अर्धं उत्तर मला तरी इथेच दिसतं.

एक गोष्ट मात्र विचारच, टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला का? यातल्या जवळजवळ निम्म्या बाळांच्या हृदयात काहीतरी दोष असतो आणि स्टेथोस्कोपने ऐकू आला नाही तरी तो असू शकतो. दूध पिताना घाम येत असेल, श्वास जोरात चालत असेल, वजन वाढत नसेल तर थांबायचं नाही, लगेच डॉक्टरकडे. थायरॉइड, कान, डोळे यांच्या तपासण्या पण आहेत, आणि फिजिओथेरपी लवकर सुरू केलेली चांगली. या सगळ्या तारखांची वही तू सांभाळ. "काही लागलं तर सांग" असं म्हणू नकोस, दमलेला माणूस सांगत नाही.

ती रात्री दोन वाजता मोबाईलवर काय काय वाचत असणार याचीही मला काळजी वाटते. जुने आकडे खूप भीतीदायक आहेत, १९८० च्या दशकात सरासरी आयुष्य २५ च्या आसपास धरायचे, आता उपचार नीट मिळतात तिथे ते ६० च्या घरात गेलंय, हृदयाची ऑपरेशनं व्हायला लागली हे त्याचं मोठं कारण. चालायला साधारण दोन वर्षं लागतात, कोणाला जास्त. बोलणं उशिरा येतं, पण समजतं त्याच्या बरंच आधी, म्हणून बाळाशी भरपूर बोलायचं, खाणाखुणा करत बोलायचं. शेजारच्या बाळाशी तुलना कोणी करायला लागलं तर तिथेच विषय बदल, वजन-उंचीचे तक्ते सुद्धा या मुलांसाठी वेगळे असतात.

आणि त्या ४ वर्षांच्या पोराला आठवड्यातून एकदा तू बाहेर घेऊन जा, एकट्याला. घरात सगळे कुजबुजतात आणि आई रडते एवढंच त्याला दिसतंय, त्याला वाटत असणार आपलंच काही चुकलं. त्याला साध्या शब्दांत सांग की बहिणीला गोष्टी शिकायला जास्त वेळ लागेल आणि ती त्याच्याकडे बघून खूप काही शिकेल.

आज फोन करू नकोस, मेसेज टाक: "त्या दिवशी चुकीचं बोलले. अभिनंदन म्हणायचं राहूनच गेलं. गुरुवारी दुपारी येतेय, बाळाला मी धरते, तू झोप. नाव काय ठेवलंय गं तिचं?" रिप्लाय नाही आला तरी गुरुवारी जा.