पॅरालिसिसनंतर आईला साधं 'पाणी' म्हणता येत नाही, पण भजन अख्खं म्हणते. हे कसं? आणि गाण्याचा क्लास लावला तर बोलणं परत येईल का?

सगळ्यात आधी एक सांगतो: आई नाटक करत नाहीये. तुम्ही लिहिलंय की चार महिन्यांपूर्वी मेंदूच्या डाव्या भागात गुठळी झाली, उजवी बाजू गेली, मागायचं असेल तर एक शब्द फुटत नाही, पण भजन लागलं की शब्दांसकट म्हणतात. आणि त्यावर काकू म्हणाल्या, "हिला सगळं येतंय, मुद्दाम करते." हे उत्तर काकूंनाही वाचून दाखवा.

मी डॉक्टर नाही, पेटी शिकवतो. आमचे अण्णा चाळीस वर्षं भजनाला तबला वाजवायचे. सहा वर्षांपूर्वी त्यांना हुबेहूब असाच झटका आला. तेव्हापासून जे वाचलं, विचारलं आणि घरात करून पाहिलं, त्यातून लिहितोय.

तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. अण्णांना चहा हवा होता. कपाकडे बोट दाखवून "च… च…" करत शेवटी म्हणाले, "सतरा". चुकलं हे त्यांना लगेच कळलं. पुन्हा प्रयत्न, पुन्हा "सतरा". मग वैतागून त्यांनी एक शिवी हासडली, ती मात्र खणखणीत! नर्स हसायला लागली. संध्याकाळी मी सवयीने आरती गुणगुणत होतो, तर दुसरी ओळ अण्णांनी उचलली आणि कडव्याच्या शेवटापर्यंत नेली. मी बाहेर जाऊन भावाला फोन केला, "अण्णा बोलायला लागले!" आत येऊन विचारलं, "काय हवंय?" तर, "सतरा".

हे जुनं कोडं आहे. १८६१ मध्ये पॅरिसला पॉल ब्रोका या सर्जनने असा एक रुग्ण तपासला ज्याला 'तां तां' एवढंच म्हणता यायचं. सगळा वॉर्ड त्याला त्याच नावाने ओळखायचा. तो दगावल्यावर ब्रोकाला त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूला, पुढच्या भागात इजा सापडली. त्या भागाला आज ब्रोकाचंच नाव आहे. पण मला जास्त आवडते ती त्याने नोंदवलेली दुसरी बाब: हा माणूस फार चिडला की त्याच्या तोंडून एक शिवी निघायची. म्हणजे आमचे अण्णा एकटे नव्हते. त्याहीआधी, १७४५ मध्ये, स्वीडनमध्ये अशा एका माणसाची नोंद झाली होती ज्याची वाचा गेली होती, पण पूर्वी पाठ केलेली चर्चमधली गाणी तो म्हणू शकायचा.

कारण असं. शिव्या, पाढे, आठवड्याचे वार, आरत्या हे आपण शब्द जुळवून बोलतच नाही. अख्खी लगड एकदम बाहेर येते. सात नव्वे किती विचारलं तर कित्येकांना आधी सात एके सातपासून मनात सुरुवात करावी लागते ना, तसंच. 'मला पाणी दे' म्हणताना मात्र शब्द शोधायचा, क्रम लावायचा, जीभ-ओठांना हुकूम द्यायचा, हे सगळं नव्याने होतं, आणि ते काम बहुतेकांच्या मेंदूत डावीकडे चालतं. चाल आणि पाठांतर यांत उजवी बाजूही बरीच गुंतलेली असते, आणि तुमच्या आईंची ती बाजू शाबूत आहे. म्हणून भजन येतं, पाणी येत नाही. या अवस्थेला वाचाघात म्हणतात, डॉक्टरांच्या फाइलवर अफेजिया लिहिलेलं असेल. बुद्धी जात नाही. काकू काय बोलल्या ते बहुधा आईंना कळलेलं असतं.

आता 'संगीताने मेंदू खरंच बदलतो का?' हो, बदलतो, आणि मोजता येईल इतका. १९९५ मध्ये जर्मनीत व्हायोलिन-चेलोसारखी तंतुवाद्यं वाजवणाऱ्या नऊ जणांचे मेंदू तपासले. त्यांच्या डाव्या हाताच्या बोटांसाठी मेंदूने राखलेली जागा इतरांपेक्षा मोठी निघाली. उजव्या, म्हणजे गज धरणाऱ्या हाताची नाही. डाव्या अंगठ्यातही फरक कमी, कारण तारांवर नाचतात ती बाकीची चार बोटं. जितक्या लहानपणी शिकायला सुरुवात, तितका फरक जास्त. त्याच वर्षी आणखी एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पियानो न येणाऱ्या लोकांना पाच बोटांचा एक पलटा (म्हणजे पुन्हा पुन्हा वाजवायचा स्वरक्रम) दिला, रोज दोन तास, पाच दिवस. तेवढ्यात त्या बोटांचं मेंदूतलं क्षेत्र वाढलं. काहींना मात्र पट्ट्यांना हात न लावता तोच पलटा नुसता मनात घोकायला सांगितला होता, आणि त्यांच्या मेंदूतही तसाच बदल दिसला. आमच्या गुरुजींना हे सांगितलं असतं तर म्हणाले असते, "मग एवढी वर्षं मी काय सांगत होतो?"

इथपर्यंत सगळं गोड आहे. पण लोक इथेच थांबतात आणि 'संगीत म्हणजे औषध' असं फॉरवर्ड करतात. मेंदू चांगल्या-वाईटाचा विचार करत नाही हो. रोज जे गिरवाल ते तो शिकतो. अतिरियाज करणाऱ्या काही वादकांच्या मेंदूत शेजारच्या दोन बोटांच्या जागा एकमेकींत मिसळतात आणि एक बोट उचललं की दुसरं आपोआप मुडपतं. अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशर यांचा उजवा हात १९६० च्या दशकात असाच गेला. पुढची कित्येक वर्षं ते डाव्या हातासाठी लिहिलेल्या रचना वाजवत राहिले.

पॅरालिसिसच्या घरात नेमकं हेच होतं, आणि करणारे आपणच असतो. अण्णा घरी आले. उजवा हात जरा हलायचा, पण ताटापर्यंत जायला मिनिट लागायचं आणि अर्धा भात सांडायचा. माझ्या आईचा जीव तुटायचा, ती भरवायची. उरलेलं डाव्या हाताने. दोन महिन्यांत उजवा हात मांडीवर पडून राहायला लागला, पाहुण्यासारखा. मेंदूला आम्हीच शिकवलं होतं की हा हात नाही म्हणून. एडवर्ड टॉब या शास्त्रज्ञाने माकडांवर काम करताना हे ओळखलं होतं: हात निकामी असतो त्याहून अधिक तो 'न वापरण्याची सवय' लागलेला असतो. १९९६ च्या एका प्रयोगात तर असं दिसलं की हाताच्या भागात छोटा स्ट्रोक झालेल्या ज्या माकडांकडून तो हात वापरून घेतला नाही, त्यांच्या मेंदूत इजेच्या शेजारचं, धडधाकट असलेलं क्षेत्रही हातून गेलं. ज्यांच्याकडून कसून वापरून घेतला, त्यांचं ते टिकलं.

टॉब यांचा उपाय ऐकायला क्रूर वाटतो: चांगल्या हाताला बांधा. २००६ मध्ये अमेरिकेतल्या २२२ रुग्णांवरच्या चाचणीचे निकाल आले. झटक्याला तीन ते नऊ महिने झालेल्या या लोकांपैकी निम्म्यांच्या चांगल्या हातावर दोन आठवडे जागेपणी जवळजवळ सतत जाड हातमोजा चढवला, आणि दुबळ्या हाताकडून तासन्‌तास कामं करून घेतली. एरवीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा त्यांचा हात जास्त सुधारला आणि वर्षभराने तपासलं तेव्हाही फरक टिकलेला होता. मात्र मनगट आणि बोटं स्वतःहून थोडीतरी उघडता येत असतील तरच हे जमतं, आणि तोल जात असेल तर धोक्याचं आहे. फिजिओला विचारल्याशिवाय घरी आईंचा हात बांधू नका. आम्ही विचारून रोज तीन तास स्वयंपाकघरातला गरम भांडी धरायचा मोजा डाव्या हातावर चढवायचो. पहिला आठवडा घरात रोज भांडण. अण्णा आता उजव्या हाताने जेवतात, तबल्यावर 'धा' ठीक पडतो, 'तिरकिट' नाही. ते कधी येईलसं वाटतही नाही.

बोलण्याचं आता. भजन येतं म्हणून बोलणं आपोआप येईल, असं नाही. मी पहिले दोन महिने रोज तासभर आरत्या म्हणवून घेत होतो आणि खूश होतो. स्पीच थेरपिस्ट बाईंनी विचारलं, "चहा मागतात का?" मी गप्प. पाठ असलेलं पुन्हा पुन्हा म्हणण्यात नवीन काहीच शिकलं जात नव्हतं.

त्यांनी जी पद्धत दाखवली तिची सुरुवात १९७३ मध्ये अमेरिकेत बोस्टनला झाली. रोज लागणारं छोटं वाक्य घ्यायचं. आमचं पहिलं: 'चहा दे'. त्याला चाल लावायची, पण दोनच स्वर. मी पेटीवर सा आणि कोमल ग धरला. 'च' खाली, 'हा' वर, 'दे' खाली, तेही संथ, ओढून. प्रत्येक अक्षराला रुग्णाचा डावा हात आपल्या हातात धरून मांडीवर ठोका द्यायचा. आधी मी गायचो, मग दोघं, मग मी मधेच थांबायचो आणि अण्णा पुढे न्यायचे, मग ते एकटे. शेवटी मी विचारायचो, "काय हवं?" आणि त्यांनी उत्तर म्हणून तेच म्हणायचं. जमलं की स्वर काढून घ्यायचे, ठेका ठेवायचा, मग तोही सोडायचा. 'चहा दे'ला एकोणीस दिवस लागले. 'पंखा लाव'ला सहा.

यात काम चाल करते की ठेका, यावर वाद आहे. २००९ मध्ये सहा रुग्णांत अशा उपचारांनंतर मेंदूच्या उजव्या बाजूच्या एका मज्जातंतूंच्या जुडग्यात बदल दिसले, ते चालीच्या बाजूने. पण २०११ मध्ये जर्मनीत १७ जणांवर केलेल्या अभ्यासात असं निघालं की गाण्यापेक्षा लय आणि तोंडात बसलेले शब्द जास्त मदत करतात. मला हे लगेच पटलं. तबलजीच्या घरात पटणारच. अण्णांना सुरापेक्षा मांडीवरचा ठोका लवकर लागू पडला. मर्यादाही सांगतो: घोकलेली वाक्यं छान येतात, न घोकलेली त्यामानाने फारच कमी. अण्णांची अशी साठेक वाक्यं आहेत. गप्पा नाहीत. चमच्याला अजून चावीच म्हणतात.

नुसतं ऐकवण्याला अगदीच अर्थ नाही असंही नाही. हेलसिंकीत ६० रुग्णांवर झालेल्या अभ्यासात, जो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला, स्वतःच्या आवडीचं संगीत रोज दोन महिने ऐकणाऱ्यांची शब्दांची स्मरणशक्ती आणि लक्ष बाकीच्यांपेक्षा जास्त सुधारलं, काहीच न ऐकणाऱ्यांपेक्षा उदासीही कमी राहिली. 'आवडीचं' हा शब्द बघा. शेजाऱ्यांनी पाठवलेली 'मेंदूसाठी खास धून' नव्हे.

आणि हो, कबुतराचं रक्त चोळा, अमक्या गावचं औषध आणा, हे तुम्हालाही सांगून झालं असेलच. हसून सोडून द्या. पण पुन्हा कधी तोंड वाकडं झालं, हात पडला, बोबडी वळली तर मात्र त्यात एक मिनिट घालवू नका. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि तेही आधी स्कॅन करून.

क्लासचं विचारलंत. नका लावू. ते पैसे स्पीच थेरपीला ठेवा. चार महिने म्हणजे उशीर झालेला नाही. आईंना त्यांच्या भजनी मंडळात परत नेऊन बसवा, पाठ नसलेला एखादा नवा अभंग बायकांबरोबर शिकू द्या, आणि टाळ दोन्ही हातांत द्या. उजव्या हातातला सुटेल. दोरी मनगटाला दोन वेढे देऊन ठेवा, म्हणजे उचलून द्यायला कुणी वाकायला नको.