टॉवर दिसतो, मग रेंज जाते कुठं?

प्रश्न : औसा तालुक्यात आमचं जुनं माळवदाचं घर आहे. ओसरीत फोनला चार काड्या असतात, मधल्या खोलीत गेलं की फोन मुका. टॉवर तर माळवदावरून दिसतो, फार तर दोन किलोमीटर. दुकानदार रेंज वाढवणारा बूस्टर बसवा म्हणतो. घेऊ का?

उत्तर : नका घेऊ. आधी काड्या मोजणं सोडा. किती रेंजला किती काड्या, हे प्रत्येक फोन कंपनी आपल्या मनानं ठरवते. सेटिंगमध्ये 'फोनबद्दल', तिथं सिम स्टेटस उघडा. सिग्नल स्ट्रेंथपुढं उणे आकडा दिसेल. टेलिफोन खात्यात नव्या पोरांना मी सांगायचो, हा आकडा म्हणजे आडातलं पाणी किती हात खाली गेलं ते. उणे ८५ म्हणजे पोहरा सहज भरतो. उणे ११० च्या खाली नुसता गाळ.

रेणापूरला माझ्या बहिणीचंही माळवदच. ओसरीत उणे ८८ आणि मधल्या खोलीत उणे ११३ भरलं. फरक २५ डेसिबलचा (डेसिबल म्हणजे रेंजमधला फरक मोजायचं माप). दर १० डेसिबलला ताकद दहावा हिस्सा उरते, म्हणजे ओसरीतल्या तीनशे भागांतला जेमतेम एक भाग आत पोचला. उलट टॉवर निम्म्या अंतरावर आणला, तरी मोकळ्या हवेत ६ डेसिबलच वाढतात. तेव्हा टॉवरला शिव्या देऊ नका. रेंज खातात त्या दोन हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंती. पावसाळ्यात त्या ओल धरतात, तेव्हा जास्तच. (वर पत्रे टाकले असतील तर ते लिहायला हवं होतं. पत्र्यातून लहरी जातच नाहीत.)

बूस्टर परवानगीशिवाय लावणं बेकायदा आहे, आणि त्याचा त्रास शेजारपाजाऱ्यांनाही होतो. एकदा अख्ख्या पेठेतले फोन तुटायचे; तीन दिवस अँटेना घेऊन हिंडलो, तेव्हा एका लॉजच्या गच्चीवर असाच बूस्टर सापडला. त्याच्या बाहेरच्या आणि आतल्या अँटेना एकमेकींचंच ऐकून कोकलत होत्या.

घरात ब्रॉडबँड असेल तर वायफाय कॉलिंग, म्हणजे टॉवरऐवजी वायफायवरून बोलायची सोय, चालू करा, फुकट काम होईल. नसेल तर फोन देवळीतून काढून ओसरीकडच्या खिडकीत ठेवा आणि स्पीकरवर बोला. मधल्या खोलीतून बोलताना फोन टॉवरला ऐकू जावं म्हणून पार २०० मिलिवॅटपर्यंत ओरडतो. तुमची बॅटरी दुपारीच बसत असेल, तर ती त्यापायीच.